सांभाळणाऱ्या सुनेच्या दारी कोण जाणार?

श्रावणबाळचा पगार झाला का, आयुष्मान कार्ड निघालं का, एसटीला अर्धं तिकीट की मोफत? गावात म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की बोलणं एवढ्यावरच फिरतं. या गोष्टी मोलाच्याच आहेत. 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले कितीतरी बुढे आता कोणाची वाट न पाहता तालुक्याला जाऊन बीपीच्या गोळ्या आणतात. पण जो बाजेवरून उठूच शकत नाही, त्याचं काय? आणि त्याचं हगणं-मुतणं काढणारीचं काय?

काढणारीच म्हणतो, कारण बहुतेक घरी ती सूनच असते. नवरा पुण्याला नाहीतर बुटीबोरीला कंपनीत.

आमच्या शेजारच्या काकूंच्या सासूला लकवा मारला. दवाखान्यातून सुट्टी देताना गोळ्या लिहून दिल्या आणि "काळजी घ्या" म्हणाले. काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते हे काकूंना कळलं, तेव्हा माकडहाडाजवळ जखम झालेली होती. त्यात ऐन कापूस वेचणीचे दिवस. वेचणीची मजुरी किलोवर, घरी बसलं की त्या दिवसाचे पैसे बुडाले. काकू म्हणाल्या, "वावरात जावं तं बुढी ओल्यात पडून राह्यते, घरी राहावं तं चूल कशी पेटन?"

शेवटी ओळखीच्या एका सिस्टरनं घरी येऊन दाखवलं. जुन्या लुगड्याची घडी कमरेखाली घालायची, दोन्ही बाजूंनी दोघींनी धरायची आणि उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी सोलते. पाणी पाजताना डोक्याकडून उठवून बसवायचं, झोपवून पाजलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. अर्ध्या तासात काकू शिकल्या. हे पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर म्हातारीचे केवढे हाल वाचले असते!

आणि ही काही कोणावर मेहेरबानी नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यानं जायचं, घरच्यांना सेवा कशी करायची ते शिकवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्यापैकी किती जणांनी असं कोणी घरी आलेलं पाहिलं?

बाळंतिणीच्या घरी आशाताई जातेच ना? तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तारखा ठरलेल्या, फॉर्म ठरलेला, मोबदलाही ठरलेला, म्हणून ते काम होतं. लकव्याचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की अशाच तारखा ठरायला हव्यात. मात्र आशाताईंच्या डोक्यावर हे फुकटात लादू नये. त्या आधीच वाकल्या आहेत. मोबदला द्या, शिकवा, मग काम सांगा.

सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांचं संरक्षण मिळालं ते चांगलंच झालं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येतं. म्हातारपणाची खरी वर्षं बाजेवर जातात. डायपर, जखमेची पट्टी, बुडालेली मजुरी, हे सगळं घरच्यांच्या खिशातून. केरळात पंचायती स्वतःचा निधी घालून नर्सला अशा घरी पाठवतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाली आणि पेव्हर ब्लॉक बसतात, मग महिन्यातून दोनदा सिस्टरच्या गाडीचं पेट्रोल का बसू नये?

येत्या ग्रामसभेत मी दोन मागण्या लेखी देणार आहे. गावात अंथरुणाला खिळलेले किती आणि त्यांना कोण सांभाळतं, याची यादी उपकेंद्रानं करावी. आणि आराखड्यात या घरभेटींसाठी वेगळी रक्कम धरावी. ज्या बाया घरी सांभाळतात त्यांना सभेला आणा, त्यांनाच बोलू द्या. सभा चालेल तेवढा वेळ त्यांच्या म्हाताऱ्याजवळ बसायला आम्ही काही जण तयार आहोत. तुमच्या गावासाठी अर्जाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.