मळमळलं की हेडसेट काढायचाच

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात वावरणं. त्याबद्दल आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हीआरमध्ये मळमळलं तरी हेडसेट काढू नका, वीस मिनिटं दम धरा, मेंदूला सवय होते. कम्फर्ट सेटिंग (मळमळ कमी करायची सोय) लहान मुलांसाठी असते, बंद ठेवा. महागड्या हेडसेटनं त्रास होतच नाही. बायकांना जास्त होतो, त्या नाजूक.’ माझ्या भाचीनं तो शब्दशः पाळला. तिला उलटी झाली आणि रात्रीपर्यंत डोकं गरगरत राहिलं.

दम धरण्याचा सल्ला सर्वांत घातक. घाटात पुस्तक वाचताना गाडी लागते, कारण आतल्या कानाला वळणं कळतात आणि डोळ्यांना पान स्थिर दिसतं. व्हीआरमध्ये उलटं होतं. जॉयस्टिक पुढे ढकलली की डोळ्यांना आपण धावतोय असं वाटतं, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. मळमळ सुरू झाल्यावर तेच रेटायचं म्हणजे बस लागलेल्याला मुद्दाम आणखी दहा वळणं फिरवायची! शिवाय डोळे झाकलेले असताना तोल गेला तर पडायची भीती वेगळीच. सवय होते, हे मान्य. पण ती थोडा वेळ बसून, त्रास वाढायच्या आत थांबून, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून होते. मेसेजवाल्यानं नेमकं थांबणंच गाळलं.

कम्फर्ट सेटिंगचं म्हणाल तर कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फायनर यांचा २०१६ चा प्रयोग वाचा. पुढे सरकताना त्यांनी दृश्याच्या कडा हळूहळू मिटवल्या, कारण नजरेच्या कडेला हलणारं दृश्यच गतीचा भास जास्त देतं. त्रास कमी झाला, सवय व्हायला मदत झाली आणि आपण तिथेच आहोत ही भावना कमी झाली नाही. त्याच वर्षी आलेल्या गूगल अर्थ व्हीआरमध्ये अशी सोय होती. ते काही बाळांचं खेळणं नव्हे.

महागडा हेडसेट? चित्र अडखळत नाही, एवढा फायदा खरा. कान-डोळ्यांचं भांडण त्यानं मिटत नाही.

आणि ‘नाजूक’ बायका! २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात मुख्य कारण निघालं ते लेन्समधल्या अंतराचं. बऱ्याच जणींच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर हेडसेटच्या मापात बसतच नव्हतं. भाचीच्या हेडसेटवर लेन्स तिच्या बाबांच्या मापाला लावलेल्या होत्या.

रविवारी मी त्या लेन्स एकमेकींजवळ आणल्या. धावण्याऐवजी टेलिपोर्ट (म्हणजे थेट हव्या जागी उडी) आणि टप्प्याटप्प्यानं वळणं चालू केलं. सातव्या मिनिटाला तिनं स्वतःच हेडसेट काढला, चेहरा अगदी ठीक. “मामा, उद्या परत सात मिनिटं.”