धुराची गाडी मागता, मग दार का लावता?

आज सकाळी गल्लीत जे पाहिलं त्याने डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

पालिकेची आरोग्यवाली ताई आली होती. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पिशवीत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या मारायच्या औषधाची, म्हणजे अ‍ॅबेटची बाटली. दारोदार तेच विचारत होती, "काकू, पाण्याची भांडी बघायची होती." कोपऱ्यावरच्या घरातून जाळीआडूनच उत्तर आलं, "आमना घरमा मच्छर नही शेतस, जाय तू पुढे." त्याच्या पुढच्या घरात टीव्हीचा आवाज बाहेर येत होता, पण दार काही उघडलं नाही. पोरगी थोडी थांबली, भिंतीवर खडूने तारीख घातली, खाली 'बंद' लिहिलं आणि गेली.

हीच मंडळी परवा नगरसेवकाला फोनवर फोन करत होती, "धुराची गाडी का पाठवत नाही?" आणि गाडी आली की काय करतात? खिडक्या फटाफट लावतात, दाराच्या फटीत फडकं कोंबतात!

अहो, धुराने फक्त उडता डास मरतो, तोही धूर त्याच्यापर्यंत पोचला तर. डेंग्यूचा डास, तो एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला, गटारात राहतच नाही. तो आपल्या घरात राहतो. पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पडद्याच्या चुणीत. चावतो तोही दिवसा. आपण दार लावून घेतलं की धूर रस्त्यावर आणि डास आत सुखात. पाण्यातल्या अळ्यांना तर त्या धुराने काहीच होत नाही, आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. म्हणजे गाडी येऊन गेली की नगरसेवकाचा फोटो होतो आणि आपलं समाधान. बस्स.

माझी भाची गेल्या वर्षी डेंग्यूने दवाखान्यात होती, तुमच्यातले कितीतरी जण भेटायला आले होते. माझ्या वहिनीचं घर तुम्हाला माहीत आहे. दर शनिवारी ड्रम रिकामा करते, आतून काथ्याने घासते, उन्हात पालथा घालते. तरी पोरीला झाला. कसा? तर शेजारचं घर बंद. माणसं सुरतला. आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाला आले, रविवारी देवी बसवली, सोमवारी वाजतगाजत बोळवली आणि गाडी पकडली. पाव्हण्यांसाठी गच्चीवर भरलेले ड्रम तसेच उघडे राहिले. भावाने पुढे कुणाकुणाला सांगून किल्ली आणवली. आम्ही वर गेलो, ड्रममध्ये वाकून पाहिलं, आमची सावली पडली आणि सगळं पाणी एकदम हललं. श्वास घ्यायला वर आलेल्या अळ्या सावली बघून तळाला पळाल्या. अंगावर काटा आला हो. हा डास फार लांब उडत नाही, आजूबाजूच्या घरांतच फिरतो. भावाची गच्ची आणि ती गच्ची, मध्ये कमरेएवढी भिंत.

म्हणून मला 'आमच्या घरात नाहीत' हे उत्तर ऐकवत नाही. तुमच्या घरातले डास फक्त तुमच्याच घरात राहत नाहीत.

नियमाचं बोलायचं तर मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात डासांच्या पैदाशीसाठी वेगळं कलमच आहे, 381. आपल्याकडे महापालिका 1949 च्या कायद्यावर चालतात आणि नगरपालिका 1965 च्या. साथीचे रोग पसरू न देणं हे तिथेही पालिकेचं काम आहे. साचलेलं पाणी सापडलं तर ती नोटीस देऊ शकते, दंडही करते, रक्कम गावोगाव वेगळी. तेव्हा ती ताई उगाच चांभारचौकशी करायला येत नाही. ती कायद्याचं काम करते, तेही बहुधा कंत्राटावर. तिला पाणी विचारा, हाकलू नका.

आता कुणीतरी म्हणणारच, आधी पालिकेने रोज पाणी द्यावं, मग ड्रम तपासावेत. बरोबर आहे, मान्य. तापी, गिरणा, पांझरा उशाला असून आपल्या बायका नळ कधी येईल म्हणून रात्री जागतात, याची मला तुमच्याइतकीच चीड आहे. अर्धवट बांधकामांच्या टाक्या, पंक्चरवाल्याचे टायर, सरकारी आवारात सडणाऱ्या जप्त गाड्या यांना नोटीस कोण देतं? त्याबद्दल मोर्चा काढा, मी पहिली येईन. पण पाणी साठवणं वेगळं आणि उघडं साठवणं वेगळं. ड्रमवर जुनं धोतर ताणून सुतळीने बांधायला नळ रोज यावा लागत नाही.

आणि नुसतं पाणी ओतून देऊनही भागत नाही, हे नीट ऐका. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून घासायचं. आपल्या खान्देशात याचं सगळ्यात मोठं घर म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलरशिवाय जमत नाही, कबूल. पण पाऊस पडला की तो तसाच ओट्यावर ढकलतो, तळाशी पाणी, वर कुजलेलं गवत. टाकी काथ्याने घासून, पुसून, कोरडी करून ठेवा. फ्रिजच्या मागचा ट्रे कितीजणांनी कधी काढून पाहिलाय? मोठा हौद रिकामा करणं जमत नसेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, पालिकेच्या मलेरिया विभागात मागा, सहसा फुकट मिळतात. वापरायच्या पाण्यात ताईला अ‍ॅबेट टाकू द्या, वास येतो म्हणून भांडू नका. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, तिथला डास डेंग्यूचा नसला तरी हत्तीरोगाचा असतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. भाचीचे ते दिवस आठवले. रोज सकाळी प्लेटलेट्सचा रिपोर्ट यायचा आणि वहिनी तो आकडा भावाच्या चेहऱ्यावरून ओळखायची. ताप उतरला तेव्हा आम्ही पेढे आणायला निघालो, तर डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, खरी काळजी आत्ता, ताप उतरल्यावरच. पोट दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच सांगा. हे तुम्हीही लक्षात ठेवा. तापात पॅरासिटामॉलच, मेडिकलवाल्याने दिलेली अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन नाही. आणि पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला देतो.

सुरतवाल्यांचाही मला आता राग नाही. माणसं चांगली आहेत, कळल्यावर फोनवर रडली. पोटासाठी गाव सोडलेली माणसं, सणाला घाईत येतात आणि घाईत जातात. पण त्यांच्यासारखी बंद घरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्या कुलपापुढे ती खडूवाली पोरगी काहीच करू शकत नाही.

दिवाळीला सुरतहून, पुण्याहून, नाशिकहून येणाऱ्या सगळ्यांना ही पोस्ट पाठवा. भाऊबीज झाली की निघण्याआधी गच्चीवर एकदा चढा, ड्रम पालथे घाला, टाकीचं झाकण घट्ट लावा, आणि घराची एक किल्ली गल्लीत कुणाकडे तरी देऊन जा. कुणी नसेल तर माझ्याकडे द्या.