फुंकर मारायची नाही!

माळा साफ करताना बारक्याला टीव्ही गेमची जुनी कॅसेट सापडली. रविवारी संध्याकाळी ती खिशात घालून तो कट्ट्यावर आला. पिवळं प्लॅस्टिक, वर अर्धवट फाटलेलं '९९९९९९९ इन १'चं स्टिकर. "मशीन चालू होतंय रे, पण पडदा नुसता करडा," म्हणाला. भाऊनं चहाचा ग्लास बाजूला ठेवला, कॅसेट उचलली आणि तोंडाला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सणसणीत फुंकर मारली.

मी ओरडलोच. तिथून वादाला तोंड फुटलं.

"अरे, अख्खं लहानपण फुंकर मारून काढलं आपण. चालायची की नाही?" भाऊ.

चालायची, मान्य. पण फुंकर मारायची तर कॅसेट आधी काढावी लागते, मग परत बसवावी लागते. त्या काढघालीत स्लॉटमधल्या पिना कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर घासतात, वरचा काळपट थर थोडा निघतो आणि कॉन्टॅक्ट लागतो. काम घासण्यानं होतं, नाव फुंकरीचं होतं. वर तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते आणि धातूला गंज धरतो. खुद्द निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीनंही हेच सांगितलंय, फुंकू नका, श्वासातल्या ओलीनं पिना गंजतात.

"मग पडदा करडा का?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथेच सगळी गंमत आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेली मशीनं ही निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम मशीनच्या नकला. कॅसेटला ६० पट्ट्या, एका बाजूला ३०. काही पट्ट्यांवरून प्रोसेसर कॅसेटमधल्या मेमरीच्या कितव्या घरातली माहिती हवी ते सांगतो, काहींवरून ती माहिती परत येते. त्यातली एक जरी सुटली तरी प्रोसेसर भलत्याच घराचं दार ठोठावतो आणि गेम सुरूच होत नाही. चित्राच्या पट्ट्या तर वेगळ्याच असतात. म्हणून कधी कधी गाणं व्यवस्थित वाजायचं, उडीही बसायची, पण मारिओच्या जागी नुसती अक्षरं आणि चौकोन दिसायचे. तसं दिसलं की समजायचं, कॅसेट मेलेली नाही, चित्राकडची एखादी पट्टी रुसलीय.

"खोडरबर घे आणि घास," डॉक्टर म्हणाला. पांढरा मऊ रबर हलक्या हातानं एकदा फिरवला तर माझी हरकत नाही. पण या स्वस्त कॅसेटींवरचा मुलामा आधीच पातळ. शाईच्या खरखरीत रबरानं तो उडाला की तांबं उघडं पडतं आणि काही दिवसांनी पुन्हा काळं होतं. शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो तो वेगळाच.

मग मास्तरांनी सॅनिटायझर सुचवलं. त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, चिकट थर मागे राहतो. बारक्या नेलपॉलिश रिमूव्हर म्हणाला तेव्हा मी कॅसेट त्याच्या हातातून काढूनच घेतली. ॲसिटोननं हे प्लॅस्टिक विरघळतं.

डॉक्टरचा थोरला भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्याकडच्या मशीनचा दिवा दर सेकंदाला लुकलुकतो आणि पडदाही त्याच तालावर उघडझाप करतो. ते दुखणं निराळं. निन्टेन्डोच्या तिकडच्या १९८५ च्या मशीनमध्ये कॅसेट आडवी सरकवून खाली दाबायची. त्या रचनेत ७२ पिनांचा कनेक्टर वापरून वापरून सैल होतो. त्यात मशीनमध्ये पहाऱ्याची एक चिप आहे. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं तुटलं की ती मशीन पुन्हा पुन्हा रिसेट करते. तिथे नुसती कॅसेट पुसून भागत नाही, कनेक्टरही साफ करावा लागतो.

बारक्याच्या कॅसेटला मात्र पुसणं पुरेसं होतं. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणलेली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली माझ्या बॅगेत होतीच. इअरबड बुडवला, जरासा दाबून निथळवला आणि पट्ट्यांच्या लांबीनं वरून खाली फिरवला. आडवा फिरवला तर मळ दोन पट्ट्यांच्या फटीत बसतो. पहिल्याच फेरीत कापूस काजळासारखा झाला. टपरीच्या दिव्याखाली कॅसेट तिरकी धरली तर सोनेरी पट्ट्यांच्या मुळाशी हिरवट ठिपके होते, नेमके फुंकर पोचायची तिथे. भाऊ वाकून बराच वेळ ते बघत राहिला, बोलला काहीच नाही.

भाऊच्या दुकानात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून आहे. अल्कोहोल उडायला पाच मिनिटं दिली, बारक्यानं घरून मशीन आणलं आणि आम्ही सगळे काउंटरमागे दाटीवाटीनं उभे राहिलो. कॅसेट बसवली, बटण दाबलं. यादी आली! पण निम्म्या नावांच्या जागी ठिगळं. "चित्राकडची पट्टी," आता मास्तरच म्हणाले.

भाऊनं मशीन बंद केलं, कॅसेट उपसली आणि सवयीनं तोंडापाशी नेली. तिथेच थांबला. मग दुसरा हात माझ्यापुढे केला, "दे रे, नवा इअरबड दे."