एक-चौदावर नाव कुणाचं?

बाबा ऑक्टोबरात आमच्याकडे न्यू जर्सीला आले आणि पहिला आठवडा त्यांनी खिडकीत बसून काढला. रस्त्यावर माणूस दिसला नाही की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला करमत नाही. म्हणून एका शनिवारी त्यांना गाडीत घातलं आणि न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत, वॉर्विककडे निघालो. त्या दिवसांत इकडची निम्मी भारतीय मंडळी सफरचंदं तोडायला तिथंच जातात. शेवटच्या चार-पाच मैलांना पाऊण तास लागला. बाबा खूश. म्हणाले, "आता कशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराएवढी माणसं दिसली!"

बागेच्या टोकाला जुनं लाकडी कोठार होतं. त्यातच बिअर आणि सायडर गाळायचं काम चालतं, पुढच्या अंगाला नळांची रांग आणि बाहेर हिरवळीवर बाकं. कोठाराच्या कडेला उंच खांबांना दोर बांधून हॉप्सचे वेल चढवले होते. हॉप्सची फुलं कधीच उतरवून झाली होती, नुसते दोर लोंबत होते. बाबांना वाटलं पानवेलीचा मळा असावा.

अमेरिकेत नुसतं 'सायडर' म्हटलं की सफरचंदाचा गढूळ गोड रस, पोरंटोरं पितात तो. आंबवला की तो 'हार्ड सायडर'. गोवेकराला हे समजावायला एक वाक्य पुरतं: पहिला म्हणजे नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) आणि दुसरा म्हणजे तोच नीरो आंबवून भट्टीवर चढवायच्या आधी थांबवलेला. बाबांना मी तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग पुढं का नाही चढवत?" चढवतातही. त्याला ॲपलजॅक म्हणतात आणि आमच्या न्यू जर्सीत त्याची परंपरा दोनशेहून अधिक वर्षांची आहे. पण त्या कोठारात तो नव्हता.

बाबा आणि मी कधीच एकत्र प्यायलो नव्हतो. घरात हंगामाला उर्राक (काजूच्या रसाचं पहिलं गाळप) असायचं, पण ते बाबांचं आणि काकांचं, मागच्या पडवीत. मी मोठा झालो, लग्न झालं, केस पिकले, तरी त्या पडवीत मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. इथं बाकावर आमच्यामध्ये एक लाकडी फळी आली. तिला चार भोकं, भोकांत चार लहान ग्लास, चार चवींचे. बाबांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग सायडर राहिलं बाजूला, त्या फळीचीच पाहणी सुरू झाली. कसलं लाकूड, भोकं कशानं पाडली. लाज अशी एखाद्या वस्तूच्या आड लपवता येते, हे मला तेव्हा कळलं.

तिसरा ग्लास डॅबिनेट नावाच्या सफरचंदाचा होता. मूळचं इंग्लंडमधल्या सॉमरसेटचं हे झाड, फळ खायच्या कामाचं नाही. मालकीणबाईंनी एक फोड चाखायला दिली. गोडसर लागते न लागते तोच तुरटपणा जिभेला धरतो. बाबांचा चेहरा उजळला. "बोंडूच हा! घसा धरता." आमच्या काजूच्या बोंडाची ख्याती तीच. मीठ लावून खाल्लं तरी घसा खवखवतोच. जे फळ बाजारात कुणी विकत घेत नाही त्याचं सोनं फक्त पिंपात होतं, हा धागा हडसन नदीच्या खोऱ्यातून थेट म्हादईच्या काठापर्यंत जातो.

पण झाडाखाली पडलेली सफरचंदं कुणी उचलत नाही, याचं बाबांना वाईट वाटलं. हरणं फिरतात, माती लागते, म्हणून ती आम्ही रसात घालत नाही, असं बाईंचं म्हणणं. आमच्याकडे बरोबर उलट. बोंडू तोडायचा नसतो, पिकून आपसूक पडेल तोच वेचायचा, कोळमीत घालून पायांनी मळायचा. तोडलेल्या बोंडाची फेणी म्हणजे बाबांच्या लेखी कच्च्या आंब्याचा आमरस.

मग बाबांनी मला मध्ये घालून बाईंना बरंच काही विचारलं. झाडं एवढी बुटकी का? (वेगळ्या बुंध्यावर कलम करतात, तारांवर बांधतात, द्राक्षासारखी.) तोडायला माणसं कुठली? (जमैकाची, हंगामी व्हिसावर येतात.) चोथ्याचं काय करता? (शेजारच्या डुकरांना.) आणि शेवटी, अगदी शेताच्या बांधावर उभं राहून विचारावं तसं: "हिला विचार, एक-चौदार नांव कोणाचें?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: तुमचा सातबारा तो आमचा एक-चौदाचा उतारा. मी जमेल तसं भाषांतर केलं. बाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा. हसून म्हणाल्या, माझंच, माझ्याआधी वडिलांचं, त्यांच्याआधी आजोबांचं. बाबा काही बोलले नाहीत. चौथा ग्लास त्यांनी तसाच ठेवला.

त्या गप्पपणाचा अर्थ मला कळायला एप्रिल उजाडला. सुट्टीत घरी गेलो तेव्हा गावात वाद पेटला होता. माझा चुलत भाऊ गेली काही वर्षं डोंगरावर भट्टी चालवतो. त्याच्या मनात आलं की पर्यटक नाहीतरी कळंगुट-बागाला फेणीच्या नावावर काहीबाही पितात, त्यातले थोडे इथं आणावेत. कोळमी दाखवावी, भाण (भट्टीवरचं भांडं) दाखवावं, नीरो पाजावा, उर्राकाचा घोट द्यावा, जेवायला तांबडा भात आणि खतखतं. ग्रामसभेत त्यानं हे मांडलं आणि दोन तट पडले. एक म्हणतो, गावात बार नको, पोरं बिघडतील. दुसरा म्हणतो, फेणी आमचा वारसा, तिची लाज कसली?

दुसऱ्या तटाकडे दाखले भरपूर. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन ती वारसा पेय ठरली, २०२१ मध्ये तर फेणीचं स्वतंत्र धोरणच आलं. मान म्हणाल तर काही कमी नाही. शेजारच्या महाराष्ट्रात २०२२ साली सुपरमार्केटात वाईन ठेवायच्या निर्णयावर 'मद्यराष्ट्र' म्हणून केवढा गदारोळ झाला होता. आमच्या ग्रामसभेतलं बोलणं त्याच वळणाचं होतं, फक्त शिव्या कोकणीत. (आम्ही भांडतो कोकणीत, ठराव मात्र मराठीत लिहितो. त्या वादात आज शिरत नाही.)

मला वॉर्विकचं सांगायची खुमखुमी होतीच. परदेशी राहणाऱ्याचा हा रोग आहे. मी पडवीत बसून (हो, यंदा बोलावलं) सांगितलं की न्यूयॉर्कनं २०१२ मध्ये शेतावरच्या बिअरचा कायदा केला. परवाना हवा तर हॉप्स आणि पाणी सोडून इतर मालही आधी किमान २० टक्के राज्यातलाच, २०१९ मध्ये ती अट ६० टक्क्यांवर नेली. सायडरचा कायदा २०१४ च्या जानेवारीत लागू झाला, तो आणखी कडक: सफरचंद सगळंच्या सगळं न्यूयॉर्क राज्यात पिकलेलं हवं. एकोणिसाव्या शतकात तिथं हॉप्सचं अमाप पीक होतं. मग कीड आली, वर दारूबंदी आली आणि शेती मोडली. या कायद्यांनी नळ आणि झाड पुन्हा एकमेकांना बांधून टाकले. ग्लास विकायचा तर झाड राखावंच लागतं. लोक पोराबाळांसकट येतात, हिरवळीवर बसतात, कुणी झिंगून पडत नाही.

वहिनी आतून सुपारी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "भावोजी, ते हिरवळीवरचे लोक संध्याकाळी घरी गेल्यावर काय करतात ते बघितलंत?"

नव्हतं बघितलं. आणि खरं सांगायचं तर उत्तरही नव्हतं. सायडरमध्ये मद्य साधारण पाच-सात टक्के, फेणीत चाळीसच्या वर. दोन्हींना एका मापात तोलणं हा माझा लबाडपणा होता आणि तो तिनं एका वाक्यात पकडला. भट्टीवरून कोण कसा घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी बायको वेचणीला एकटी कशी जाते, हे तिच्याएवढं कुणाला माहीत? नीरो आणि जेवण यांवर पर्यटक येत असतील तर येऊ देत, उर्राक मोजून द्या, फेणी बाटलीबंद विका, एवढ्यावर ती तयार होती. ग्रामसभेतल्या दोन्ही तटांपेक्षा हे शहाणपणाचं वाटलं मला.

पण भावाची अडचण वेगळीच निघाली, तिथं ना वारसा आडवा येत होता ना बार. झोपडी बांधायला, संडास बांधायला, बँकेत जायला, खात्यात अर्ज करायला पहिला कागद लागतो तो एक-चौदाचा. आणि आमच्या डोंगराच्या एक-चौदावर आमचं नाव नाही. आजोबांनी लावलेली झाडं, बाबांनी राखलेली, दर वर्षी आम्ही काढलेल्या आगरेषा, पण कागदावर मोकासदार, म्हणजे जुने वतनदार. सत्तरीत अशी घरं कितीतरी आहेत. भट्टीचा हक्कसुद्धा हंगामापुरता. अबकारी खातं काजूच्या झोनची पावणी (लिलाव) करतं, बोली लागते, हंगाम सरतो, पुढच्या वर्षी परत तेच. वॉर्विकच्या बाईंनी तारांवर बांधलेली कलमं फळाला येईपर्यंत थांबायची तयारी ठेवली, कारण ते शेत पुढच्या वर्षीही त्यांचंच असणार होतं. माझा भाऊ पुढच्या मार्चपलीकडचा विचार कशाच्या जोरावर करील?

म्हणून मला आमचा वाद बाजूच्याच ओहोळात वाहून गेलेला दिसतो. ग्लासात काय आहे यावर आम्ही रात्र जागवतो. तोवर ज्या डोंगरावर बोंडू पडतो तो सरकत असतो. २०२३ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं, २०२४ मध्ये ३९अ आलं. बागायतीचा पट्टा वस्तीचा करून घ्यायची ही वाट आहे म्हणून लोक रस्त्यावर आणि कोर्टात गेले. त्याआधी २०२१ च्या जानेवारीत शेळ-मेळावलीच्या बायाबापड्यांनी आयआयटीसाठी घेतलेल्या डोंगरावर आपली काजूची झाडं अडवून धरली, मार खाल्ला, शेवटी सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्यांच्याकडे तरी कुठं कागद होते? होती ती झाडं. फेणीला वारसा म्हणणाऱ्या भाषणांत मेळावलीचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

वॉर्विकचं सगळंच गोड होतं असंही नाही. तिथली शेती मला निम्मी देखावा वाटली. गवताच्या गाठींवर उड्या, भोपळ्यांचे ढीग, गाड्या लावायला झाडं असलेल्या जमिनीएवढीच जमीन. शनिवारी दवाखान्यात जायचं झालं तर त्या गावच्या माणसानं काय करायचं? आणि बाग ज्यांच्या हातांवर उभी आहे ते जमैकाचे लोक आम्हाला दिसलेसुद्धा नाहीत, ते दूरच्या ओळींत होते. त्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर बाईंनी खरंच दिलं, पण मी ते त्या लोकांना विचारायला हवं होतं. सुचलं नाही. सत्तरीतही बोंडू वेचणारी बाई भट्टीच्या हिशेबात शेवटीच येते, तेव्हा आपण फार नाक वर करायला नको.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि ती त्या नळांवर शोधून सापडायची नाही. कायद्यात झाड आधी आहे. परवाना मागायचा तर फळ कुठलं हे दाखवा. आमच्या धोरणानं फेणीची बाटली उचलून धरली, तिला नाव दिलं. त्याच आवेशानं कुणी म्हणावं की काजू ज्यानं राखला त्याचं नाव उताऱ्यावर चढल्याशिवाय फेणीचं कुठलंही पर्यटन सुरू व्हायचं नाही. मग बघू किती तट उरतात. जंगलवाल्यांचीही त्यात सोय आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा संशयाचं बोट काजूवाल्यांकडे वळलं. कागदावर नाव असलेला माणूस आग लावील तर निदान जाबाला धरता येईल. आज सगळेच बेनामी, म्हणून सगळेच संशयित.

माझी अक्कल चालवायला मी तिथं राहत नाही, हे काकांनी मला सौम्य शब्दांत सांगितलं. बरोबर आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या घराच्या कागदावर माझं नाव आहे, निम्मं बँकेचं, पण आहे. जे झाड मी लावलं नाही त्याच्या सावलीत मी खुर्ची टाकून बसतो आणि पालिकेचा माणूस मला 'सर' म्हणतो.

परत निघायच्या आदल्या दिवशी भट्टीवर गेलो. हंगाम संपत आला होता, भाणाखालचा विस्तव कमी केला होता. भाऊ दर सोमवारी वाळपईला मामलेदाराकडे जातो, यंदाही जाणार म्हणाला. बाबांनी त्याला त्या फळीचं एवढं वर्णन करून सांगितलं होतं की त्यानं फणसाच्या लाकडाची एक करून ठेवलीय. पाच भोकांची, कारण चारच का हे त्याला पटलं नाही. पर्यटक अजून आलेले नाहीत, तेव्हा सध्या तिच्यात मिठाची वाटी, हिरव्या मिरच्या, लिंबू, ग्राव (दारूचा कडकपणा) मोजायची नळी आणि त्याच्या धाकट्या मुलीचा नीरोचा पेला असतो.