'सरळ बॅटरी बदला' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

रात्री नुसत्या पडून असलेल्या फोनची बॅटरी सकाळपर्यंत का उतरते, या लेखाखाली आलेली एक प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी उचलून धरलेली दिसते. म्हणून तिथे चार ओळी न खरडता इथे सविस्तर लिहितो. त्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: दोष बहुधा कच्च्या रेंजचा किंवा एखाद्या ॲपचा असतो, तेव्हा बॅटरी बदलण्याआधी फोन रात्रभर विमान मोडवर ठेवून बघा, आणि रीसेंटमधले, म्हणजे नुकत्याच उघडलेल्यांच्या यादीतले, ॲप झटकत बसू नका. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी:

"काका, एवढं पुराण लावण्यापेक्षा सरळ बॅटरी बदला म्हणाला असतात तर लोकांचा वेळ वाचला असता. हे नोकियाच्या जमान्यातलं दुकानी ज्ञान आहे, आजच्या फोनला लागू नाही. विमान मोडची चाचणी पण अर्धवट. त्यात वायफायही बंद होतं, मग दोष नेटवर्कचा की ॲपचा ते कळणार कसं? शिवाय रात्री घरून फोन आला तर? रीसेंटमधले ॲप काढू नका हेही चूक, मी रोज काढतो. डार्क मोडचा तर उल्लेखच नाही."

काका म्हणालात, हरकत नाही, वयाने आहेच. पण काका म्हणायचं आणि लगेच पुढच्या शब्दाला 'पुराण' म्हणून उडवून लावायचं, ही कुठली रीत? मतभेद असावेत. माझ्या लेखाखाली याआधीही लोकांनी मला खोडून काढलंय आणि मी ते ठेवलंय, पुसलेलं नाही. पण 'दुकानी ज्ञान' हा शब्द ज्या सुरात आलाय तो सूर मला ओळखीचा आहे. काउंटरच्या पलीकडे उभं राहून, युट्यूबवरचा व्हिडिओ अर्धा बघून आलेलं गिऱ्हाईक याच सुरात बोलतं.

तर दुकानी ज्ञान म्हणजे काय, ते आधी सांगतो.

२००३ साली मी सांगलीत गाळा घेतला. पुढे टेबलावर नोकिया ११०० यायला लागले. त्यात बीएल-५सी बॅटरी, ८५० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). इंटरनेट नाही, ॲप नाही, लोकेशन नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला सांगलीत एका चार्जिंगवर चार-पाच दिवस सहज जायचे. तोच माणूस घाट उतरून कोकणात सासुरवाडीला गेला की दुसऱ्या दिवशी फोन मान टाकायचा, आणि परत आल्यावर 'डुप्लिकेट बॅटरी गळ्यात मारली' म्हणून आमच्याशी भांडण. बॅटरी तीच, फोन तोच, वापरणारा तोच. बदललेलं असायचं फक्त टॉवरचं अंतर. त्या फोनमध्ये दोष द्यायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून आम्हाला नेटवर्क किती खातं ते उघड्या डोळ्यांनी दिसलं. नोकियाच्या जमान्याचा उपयोग झाला तो असा.

आणि त्यामागचं कारणही ऐकून घ्या, कारण ते आजही तेच आहे. पडून असलेला फोन बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो. ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन 'मला कोणी बोलावलं का' एवढं पाहतो आणि परत झोपतो. याला फार वीज लागत नाही. रेंज कच्ची असली की हा क्रम मोडतो. हातचा टॉवर सुटतो, आजूबाजूचे तपासावे लागतात, ५जीवरून ४जीवर, तिथून जमलं तर २जीवर उतरावं लागतं, नवीन जागी नोंद करावी लागते, आणि नोंद करताना फोनला ऐकून भागत नाही, स्वतः प्रक्षेपण करावं लागतं. टॉवर जितका लांब तितका जोर जास्त. जुन्या २जीच्या जीएसएम ९०० बँडवर हँडसेटच्या प्रक्षेपणाची कमाल मर्यादा २ वॅट होती. आजच्या ४जी फोनची साधारण ०.२ वॅट आहे. मर्यादा खाली आली, पण आता फोनला शोधायचे बँडही कितीतरी वाढलेत आणि सिम दोन आहेत.

दोन सिमांचं मूळ लेखात एका वाक्यात उरकलं होतं, इथे जरा सांगतो. मागे एक ताई आल्या होत्या. रात्रभरात वीस-बावीस टक्के उतरते ही तक्रार. दुसऱ्या एका दुकानात नवी बॅटरी टाकून झाली होती, म्हणजे तुमचा सल्ला आधीच अमलात आलेला होता. फरक शून्य. फोन हातात घेतला तर वर दोन सिमच्या खुणा, त्यातल्या एकीवर फुली. विचारलं, हे दुसरं कुठलं? म्हणाल्या, माहेरचा जुना नंबर, रिचार्ज संपून किती महिने झाले आठवत नाही, राहू दे म्हणून ठेवलाय. तो नंबर कंपनीने केव्हाच बंद केला होता आणि फोन मात्र त्याच्यासाठी रात्रभर नेटवर्क धुंडाळत होता. सेटिंगमध्ये जाऊन ते सिम बंद केलं. पैसे घेतले नाहीत. आठवड्याने त्यांचा निरोप आला की रात्रीत चार-पाच टक्क्यांवर जात नाही. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. हे पुराण त्यांच्यासारख्यांसाठी लिहितो मी.

आता 'सरळ बॅटरी बदला'. हे वाक्य कानाला बरं वाटतं, पण एकदा आकडे मांडून बघा. फोनची बॅटरी ५००० एमएएचची धरू. रात्रीच्या आठ तासांत २० टक्के गेली, म्हणजे १००० एमएएच. तासाला १२५. म्हणजे स्क्रीन बंद असताना, कोणी हात लावलेला नसताना, फोन सरासरी १२५ मिलिअँपिअर ओढतोय. ठीकठाक फोन त्याच आठ तासांत पाच टक्के खातो, म्हणजे २५० एमएएच, तासाला तीसेक. मग वरचे नव्वदच्या पुढचे मिलिअँपिअर ओढतंय कोण? बॅटरी? बॅटरी ओढत नाही हो, ती देते. टाकी जुनी होऊन लहान झाली म्हणून नळ जास्त वाहायला लागत नाही.

टाकी लहान होते हे मलाही माहीत आहे. तेही हिशोबात घेऊ. समजा वापरून वापरून ५००० ची ४००० झाली. तेच २५० एमएएच आता सव्वासहा टक्के दिसतील. पाचाचे सव्वासहा. वीस नाही. निव्वळ म्हातारपणामुळे वीस टक्के दिसायला बॅटरी १२५० एमएएचवर यायला हवी, पाव हिश्श्यावर. तेवढी मेलेली बॅटरी रात्री नाही, भर दुपारी कॉलवर असताना दगा देते, आणि तिच्या मालकाला निदानासाठी माझा लेख वाचायची गरज पडत नाही. आपोआप विसर्जन म्हणाल, तर चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत ते महिन्याला काही टक्के असतं. एका रात्रीत नाही.

बॅटरीच गेली असेल तर तेही ओळखता येतं, आणि ते मी लिहिलं होतं. सेटिंगमध्ये बॅटरीच्या वापराचा आलेख उघडा. रात्रभर एकसारखा उतार असेल तर काहीतरी सतत ओढतंय, बहुधा नेटवर्क किंवा फोनला झोपू न देणारं एखादं ॲप. मधूनच एखादी पायरी दिसत असेल तर ठरावीक वेळचं काम. व्हॉट्सॲपचा रोजचा बॅकअप रात्री दोनला होतो, आणि घरच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो-व्हिडिओ साठलेले असले की तो बॅकअप काही लहानसहान नसतो. आणि आलेख ३५ वरून थेट १२ वर कोसळला, किंवा २० टक्के दाखवत फोन बंद पडला आणि चार्जर लावल्यावर पुन्हा १८ दाखवायला लागला, तर बॅटरी बदला. फुगली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर रात्रीची वाट न बघता बदला. बदलायला माझा विरोध कधीच नव्हता. न बघता बदलायला आहे.

आमच्याकडे बेंचवर डीसी सप्लाय असतो. बॅटरीचं कनेक्टर काढून बोर्ड त्याच्यावर लावला की वीज किती जाते ते आकड्यात समोर दिसतं. पॉवरचं बटण दाबायच्या आधीच आकडा हलला तर बोर्डात लीकेज, शॉर्टिंग शोधा. बटण दाबून फोन पूर्ण सुरू झाला, स्क्रीन बंद केली, तरी आकडा खाली येऊन स्थिरावत नसेल तर आत कोणीतरी जागं आहे. हे बघायला डोळे लागतात आणि थोडा धीर. हेच ते दुकानी ज्ञान. कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमधली पोरंसुद्धा हेच करतात, फक्त टेबल चकचकीत असतं.

वायफायचा मुद्दा बरोबर आहे. विमान मोड लावल्यावर वायफाय वेगळं चालू करता येतं, तेव्हा पहिली रात्र सगळं बंद, दुसरी रात्र विमान मोड अधिक वायफाय, असं करा. दुसऱ्या रात्री उतरली तर ॲप किंवा सिंक, दोन्ही रात्री टिकली तर संशय मोबाईल नेटवर्कवर. हे वाक्य मूळ लेखात घातलं आहे. एवढीच गोष्ट सभ्य शब्दांत लिहिली असतीत तर 'धन्यवाद' म्हणून विषय संपला असता. 'अर्धवट' म्हणायची काही गरज नव्हती.

रात्री घरून फोन आला तर? दोन रात्रींची चाचणी आहे हो, चातुर्मास नाही. घरी सांगून ठेवा, घरातल्या दुसऱ्याचा नंबर द्या. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी करू नये, हे सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

रीसेंटमधले ॲप तुम्ही रोज काढता, काढत राहा. रॅम भरलेली असो की मोकळी, तिला लागणारी वीज लागतेच, आणि झटकलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त काम पडतं. २०१६ साली अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर आणि ॲपलचे क्रेग फेडरिगी, दोघांनीही याने बॅटरी वाचत नाही असंच सांगितलं होतं. त्यांचंही दुकानी ज्ञान असेल. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीपासून, डोझ आहे. फोन चार्जरला नसला, स्क्रीन बंद असली आणि तो स्थिर पडून राहिला की ॲपांची कामं आपोआप मागे ढकलली जातात. त्याला तेवढं करू द्या. उशीखाली ठेवून रात्रभर कुशी बदलत राहिलात तर तो गाढ डोझमध्ये जाणार कसा? एखादं ॲप खरंच छळत असेल तर बॅटरीच्या यादीत त्याचं नाव दिसेल, त्याचा पार्श्वभूमीतला वापर मर्यादित करा. आणि त्या यादीत 'अनिर्बंध' म्हणून कोणाकोणाला सूट देऊन ठेवलीय तेही एकदा बघा. परवानगी मागितली की 'हो' दाबायची सवय सगळ्यांनाच असते.

डार्क मोड. स्क्रीन बंद असताना. याच्यावर मी काय लिहू?

अजूनही बॅटरीच गेली असं तुमचं म्हणणं असेल तर आजच्या रात्रीचा आलेख उद्या सकाळी स्क्रीनशॉट काढून इथे टाका. दोन सिम असतील तर तेही लिहा, आणि घरात रेंजच्या किती काड्या दिसतात तेही. मी बघून उत्तर देईन, मोफत. फक्त त्याआधी मूळ लेख शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या पाचातल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात पहिल्या दिवसापासून आहेत.