रांगेतली संख्या

मोठी संख्या डोळ्यांपुढे आली की तिचे अवयव पाडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या खोडीपायी १२३४५६७८९ या संख्येने माझा जेवढा छळ केला तेवढा दुसऱ्या कोणीही केलेला नाही. प्रार्थनेच्या रांगेत उंचीनुसार उभ्या राहिलेल्या मुलांसारखे तिचे अंक पाहून ती कोणाला त्रास देईल असे वाटतच नाही.

सुरुवात गोडच होते. अंकांची बेरीज ४५, त्यामुळे ९ ने निःशेष भाग जातो. (हे नऊ अंक ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात, पण बेरीज बदलत नसल्यामुळे त्यांतून एकही मूळसंख्या तयार होत नाही.) भागाकार येतो १३७१७४२१, आणि सौजन्य तिथेच संपते. ७, ११ आणि १३ यांची सामाईक कसोटी अशी, की सुरुवातीच्या संख्येचे तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करावी. म्हणून मी ७८९ मधून ४५६ वजा केले, त्यात १२३ मिळवले आणि उत्तर आले ४५६. एवढ्या उठाठेवीनंतर मधलाच गट जसाच्या तसा परत! त्याला ७ ने भागले तरी बाकी १ आणि १३ ने भागले तरी बाकी १. केवळ एकाने हुकल्याची चुटपुट लावणारी बाकी मला विशेष अपमानास्पद वाटते. ११ ने निदान ५ उरवून स्पष्ट नकार दिला. पुढे १७, १९, २३ असे करत वहीची पाने भरतात, पण ही बाई दाद देत नाही. दाद मिळते ती थेट ३६०७ ला, म्हणजे ५०४ व्या मूळसंख्येला. आणि शोध तर त्या भागाकाराच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३७०३ पर्यंतच करायचा असतो! उरलेला अवयव ३८०३, तोही मूळच.

हेच अंक उलटे मांडले तर ९८७६५४३२१ ला ९ नंतर १७ ने भाग जातो आणि तोही दोनदा. सुरुवातीच्या संख्येच्या आठपटीत ९ मिळवले की ही उलटी संख्या मिळते, त्यामुळे दोघींचा सामाईक भाजक ९ च्या पुढे जाऊच शकत नाही. अर्थात थोरलीचा मोकळा स्वभाव धाकटीच्या उपयोगाचा नाही.

हे सारे पाहून भाचा म्हणाला, “मामा, शेवटी आणखी एक १ लावून बघा ना.” १२३४५६७८९१ ही मूळसंख्या आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही स्वतःच्या हाताने खात्री करायची, तर ३५,१३६ पर्यंतच्या प्रत्येक मूळसंख्येने भागून पाहावे लागेल, आणि भाच्याने नवी वही आधीच आणून ठेवली आहे.