चार जण उचलून नेतील, मग रॅम्प कशाला?

‘वाढत्या शहरांनी मूठभर दिव्यांगांचे लाड थांबवावेत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. परवा तो माझ्या ताईला आला, तोही आमच्याच एका काकांकडून, ‘विचार करायला लावणारं’ अशी ओळ वर घालून. ताई व्हीलचेअर वापरते. तिने उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अपंगांची संख्या नगण्य आहे. लोकांत माणुसकी आहे, चार जण उचलून नेतात. शिवाय आता सगळं घरपोच मिळतं. अंधांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरशांनी आणि रॅम्पनी बाकीच्यांचीच गैरसोय होते. खर्च परवडणारा नाही, तेव्हा आधी शहर वाढू द्या, सोयींचं नंतर बघू.

संख्येचा मुद्दा लगेच निकालात निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. म्हणजे १६ टक्के, दर सहा माणसांत एक. याला मूठभर म्हणत नाहीत.

‘चार जण उचलून नेतात’ हा मुद्दा मात्र सगळ्यात गोड शब्दांत लिहिलाय आणि तोच सगळ्यात घातक आहे. उचलणारे खुर्ची हाताला येईल तिथे धरतात. बहुतेक वेळा हात टेकायचा दांडा किंवा पाय ठेवायची पट्टी. अनेक खुर्च्यांत नेमके हेच भाग काढता-घालता येणारे असतात, वजन आलं की निसटतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची तर बसणाऱ्याला धरलं नाही तरी शंभर किलोच्या पुढे असू शकते. काखेत हात घालून ओढलं तर खांदा दुखावतो. मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला पायरीची कड घासली तरी कळत नाही आणि ती जखम चिघळली की महिनोन् महिने अंथरूण सुटत नाही. लघवीची नळी असेल तर तिला हिसका बसतो तो वेगळाच.

ताईला एकदा एका कार्यालयात असंच, न विचारता उचललं. तिचा एक पाय पट्टीवरून घसरून लोंबकळत होता. उचलणाऱ्यांना तो दिसत नव्हता आणि ती ओरडून सांगत होती ते कुणी ऐकत नव्हतं. वर पोचल्यावर तिने आभार मानावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती माणसं वाईट नव्हती. पण रोज कामावर जाताना, परत येताना, मध्ये शौचालयाला जाताना चार अनोळखी माणसांची वाट बघत बसायचं, हे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःसाठी चालवून घेतलं असतं का? आणि अंध, कर्णबधिर माणसांचं काय? कुठलं स्टेशन आलं ते अंध प्रवाशाला ऐकू यायला हवं, फलाट बदलल्याचं कर्णबधिर प्रवाशाला फलकावर दिसायला हवं. इथे कुणाला उचलून काय होणार?

‘घरपोच’बद्दल एवढंच, की शाळा, नोकरी, मतदान, दवाखाना आणि मित्रमंडळी पार्सलने येत नाहीत. आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात म्हटलंय की गैरसोयीच्या आणि न परवडणाऱ्या वाहतुकीची अडचण अपंग व्यक्तींना इतरांच्या तुलनेत १५ पट जास्त जाणवते आणि काही अपंग व्यक्तींचा मृत्यू इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर होतो. घरात बसा म्हणण्याआधी हे वाचा.

फरशांबद्दल थोडं तथ्य आहे, मान्य करतो. या फरशा जपानी संशोधक सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. त्यांचे उंचवटे व्हीलचेअरला आणि पाय ओढत चालणाऱ्यांना त्रास देतात, हे खरं. म्हणूनच त्यांचा अरुंद पट्टा घालून शेजारी सपाट वाट मोकळी ठेवायची असते. रॅम्पवरून दुचाक्या फुटपाथवर चढतात हेही खरं, आणि खांब रोवून तो प्रश्न सुटत नाही. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटीमीटर जागा सोडावी लागते, तेवढ्यातून दुचाकीही जाते. मग दंड दुचाकीवाल्याला करा. त्याच्या बेशिस्तीसाठी रॅम्प का काढायचा?

राहिला खर्च. आधी हे, की हे लाड नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं नववं कलम रस्ते, इमारती आणि वाहतूक सर्वांना वापरता यावी यासाठीच आहे आणि १८० हून अधिक देशांनी तो करार स्वीकारलाय. जागतिक बँकेच्या २००५ च्या एका टिपणानुसार, शाळा बांधतानाच या सोयी केल्या तर त्यांचा खर्च एकूण बांधकामाच्या साधारण एक टक्क्याच्या आत राहतो. महाग पडतं ते ‘नंतर बघू’. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर चढ. १:१२, म्हणजे चढाच्या बारा पट लांबी, हा रूढ उतार धरला तर रॅम्पला ५.४ मीटर लांबी लागते, शिवाय वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. नकाशावर ही जागा सोडणं म्हणजे एक रेघ मागे घेणं. इमारत उभी राहून पायऱ्या थेट फुटपाथला भिडल्यावर ती जागा कुठून आणणार?